डबा भरेपर्यंतची रूथ

कुडवा गावात आमची पिठाची चक्की आहे. नवरा रेल्वेत, म्हणून चक्की मी चालवते. पट्टा घसरला तर चढवते, दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं टाकी लावते, आणि लाइन, म्हणजे वीज, गेली की बाहेर खुर्ची टाकून बसते. गहू, तांदूळ, लाखोरीची डाळ, जे येईल ते दळते.

चक्कीच्या भिंतीवर दरवर्षी आमच्या चर्चचं कॅलेंडर असतं. महिन्याला एक पान, पानावर बायबलमधलं एखादं चित्र, खाली तारखा. मी ते तारखांसाठी लावते. बायका मात्र चित्र बघतात, कारण दळण होईपर्यंत बघायला दुसरं काही नसतं. मोबाइलमध्ये पीठ जातं म्हणून तो पर्समध्ये असतो. मग प्रश्न सुरू होतात, तेही ओरडून, कारण मोटर चालू असते.

"बाई, हा मानूस मासोळीच्या पोटात कायले गेला?"

"हा म्हातारा पोराले बांधून काऊन राहिला?"

विचारलं की मी सांगते. उपदेश करत नाही, चित्रात काय चाललंय तेवढं सांगते. गोष्टीची लांबी डब्यावर ठरते. पाच किलोचा डबा असेल तर छोटी गोष्ट, मोठा डबा असेल तर मोठी. डबा भरला की झाकण लावायचं आणि पुढची बाई. गोष्ट कुठेही असली तरी तिथेच संपते.

एकदा त्या विधवेचं चित्र होतं, जिच्याकडे दुष्काळात मूठभर पीठ उरलं होतं. देवाचा संदेष्टा येऊन भाकर मागतो, ती देते, आणि मग तिच्या मडक्यातलं पीठ काही केल्या संपत नाही. मी सांगून संपवलं, तर रांगेतली एक जण म्हणाली, "पीठच नाई सरलं तं मंग चक्कीवालीनं का खावं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये नेमका तोच भाग वाचला गेला आणि मला भर उपासनेत हसू आलं. शेजारच्या बाईनं कोपर मारलं.

नवऱ्याला हे गोष्टी सांगणं आवडत नव्हतं. "दिवस कसे आहेत माहीत आहे ना," तो म्हणाला. "उद्या कोणी म्हणेल, धर्म बदलवायला बसली आहे."

मी म्हटलं, "आपला गहू दुसरीच्या गव्हात मिसळू नये म्हणून बायका डोळ्यांत तेल घालून उभ्या असतात. त्या काय धर्म बदलतील?"

माझा स्वतःचा विश्वास साधा आहे. प्रार्थनेत रडणाऱ्यांतली मी नाही. सकाळी मोटर सुरू करण्याआधी उभ्याउभ्या दोन वाक्यं: आज कोणाचं बोट पट्ट्यात जाऊ देऊ नकोस, आणि माझं तोंड जरा ताब्यात ठेव. आमेन. पहिली विनंती देवानं आजवर ऐकली आहे.

ही गोष्ट दुसऱ्या विनंतीतली आहे.

कुडव्याच्या पलीकडे जिथे घरं संपून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागतात, तिथल्या एक काकी माझ्याकडे दळायला येतात. साठीच्या आसपास, बारीक, आवाज मात्र मोटरच्या वर जाणारा. नवरा आधीच गेलेला. मग एकुलता मुलगा गावाच्या वळणावर मोटरसायकलवरून पडून गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या काकी आणि त्यांची तिशीच्या आतली सून. दोघी मिळून शेती करत. रोवणी, निंदण, कापणी, सगळं. सून स्कूटी चालवायची आणि मागे काकी डबा धरून बसायच्या. आमच्याकडे सुना सासूला मामी म्हणतात. ही पोरगी "मामी" म्हणायची ते असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, आईलाच हाक मारते आहे.

नोव्हेंबरच्या पानावर रूथ होती. डोक्यावर फडकं बांधलेली एक बाई कापलेल्या शेतात वाकून कणसं उचलते आहे. काकी चष्मा पुसून चित्राजवळ गेल्या.

"ही सिला वेचून राहिली ना वो बाई?"

कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसं वेचणं म्हणजे सिला. आता यंत्रानं कापणी व्हायला लागली तरी आमच्या भागात गरीब बायका अजून सिला वेचायला जातात. मी म्हटलं, "हो काकी. हिचं नाव रूथ."

"कोन्या गावची?"

"परदेशातली. सासूबरोबर सासूच्या मुलखात आली."

"नवरा?"

"मेला. सासराही मेला, दीरही मेला. तीन बाया उरल्या, सासू आणि दोन सुना."

काकी डब्याशेजारच्या पोत्यावर बसल्या. मी पुढे सांगितलं. सासूचं नाव नामी. ती सुनांना म्हणाली, बायांनो, मी माझ्या गावी जाते, तुम्ही आपापल्या आईकडे परत जा. एक सून रडली आणि गेली. दुसरी, ही रूथ, हलेना. म्हणाली, तू जाशील तिथं मी येणार, तू राहशील तिथं मी राहणार, तुझी माणसं ती माझी माणसं, आणि तुझा देव तो माझा देव.

"असं म्हनली?"

"असंच."

"अना मंग?"

"मग दोघी बेथलेहेमला आल्या. घरात खायला नव्हतं, म्हणून रूथ सिला वेचायला गेली. हे चित्र तेव्हाचं."

डबा भरला. मी झाकण लावलं. बाहेर सून स्कूटी सुरू करून उभी होती. काकींनी डबा उचलला नाही. चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या देवाच्या पुस्तकात बी अशी सून आहे म्हनावं." आणि गेल्या.

महिना संपल्यावर त्यांनी ते पान मागितलं. तारखा संपल्या होत्या, मी फाडून दिलं. काकींनी ते घरी नेऊन चुलीजवळच्या भिंतीवर, देवांच्या फोटोंच्या खाली, गव्हाच्या खळीनं चिकटवलं. मला बरं वाटलं. आमच्या चर्चच्या महिला मंडळात मी हे सांगितलंही. सगळ्यांना आनंद झाला. एक आजी म्हणाल्या, वचन कधी वाया जात नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मी पण.

डिसेंबरात एक दिवस सून एकटीच आली. डबा नव्हता, हातात पिशवीभर तांदूळ होते, उगीच आणलेले. दोन बायका रांगेत होत्या. तिला म्हटलं, आण इकडे.

"गर्दी सरू द्या," ती म्हणाली.

गर्दी सरली. ती पोत्यावर बसली नाही, उभी राहिली.

"बाई, तुमी मामीले कोनची गोष्ट सांगतली?"

"रूथची. का?"

मग तिनं सगळं सांगितलं. नवेगाव बांधकडचा एक माणूस आहे. बायको तापानं गेली, मूल नाही. थोडी धानाची शेती, आणि तलावात मासोळी धरतो. दूरच्या नात्यातला, लग्नाकार्यात दोघांनी एकमेकांना पाहिलेलं. त्याच्या घरच्यांनी पाटासाठी विचारलं आहे. आमच्याकडे विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. मांडव नाही, वरात नाही, पण समाज मानतो. फक्त पहिल्या घरानं हो म्हणायला हवं, म्हणजे मामीनं. माहेरी भाऊ आहे, त्यानं सगळं मामीवर सोडलं. धान चुरून, म्हणजे मळून, झालं की ती माणसं उत्तर घ्यायला येणार.

"आणि काकी काय म्हणतात?"

"काईच नाई म्हनत. तेच तं!" तिचा आवाज चढला. "शिव्या देल्ल्या असत्या तं मी बी भांडली असती. मामी ते चित्र दाखवते. जेवाले वाढते अना भिंतीकडं पाहाते. म्हनते, पाहा वो, दुसरी गेली, ही नाई गेली. आमच्या देवाच्या पोथीत असतं तं मी काई तरी बोलली असती. परक्याच्या देवासंग कसं भांडाव?"

"तुझं काय म्हणणं आहे?"

ती तांदळाच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिली. "मले जावाचं आहे," ती म्हणाली. "पन मामीचं तोंड पाहून निंघत नाई. मी गेली तं मी ती दुसरी सून झाली."

मी मोटरच्या बटणावर हात ठेवला होता तो काढला.

"अगं, ती गोष्ट तिथं संपत नाही."

"मंग?"

"पुढे रूथचं लग्न होतं."

ती बघतच राहिली. "कोनं लावलं?"

"सासूनं. तिनंच माणूस हेरला आणि तिनंच सुनेला पाठवलं."

पोरीनं ओढणी तोंडावर धरली. हसते आहे की रडते आहे ते मला आधी कळेना. हसत होती. "अना हे तुमी सांगतलं काऊन नाई?"

"डबा भरला होता."

"मंग डबा बाजूला ठेवाचा होता ना, बाई!"

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण खरं सांगायचं तर दोष नुसता डब्याचा नव्हता. आम्ही ख्रिस्ती माणसं ही गोष्ट तिथेच थांबवतो. मिशनच्या वसतिगृहात मी लहानपणी ऐकली तीही तिथेच थांबली होती. रविवारच्या शाळेत मी मुलांना शिकवते तेव्हा मीही सिला वेचण्यापर्यंत येते आणि मग शेवटच्या आनंदावर उडी मारते. कारण मधला भाग अवघड आहे. सासू सुनेला म्हणते, आंघोळ कर, अत्तर लाव, चांगले कपडे घाल, आणि तो खळ्यावर झोपला असेल तिथं जाऊन त्याच्या पायाशी नीज. हे मुलांना सांगितलं की मुलं विचारतात, कायले? मग कोण उत्तर देणार! म्हणून सगळ्यांना आवडतो तो पहिला अध्याय, रूथ सासूला सोडत नाही तो. भिंतीवर फ्रेम करायला तोच बरा पडतो. आमच्या घरातही आहे, माझ्या लग्नात मिळालेली: तू जाशील तिथं मी येईन. मला ती माझ्या सासूबाईंनी दिली होती. इतकी वर्षं ती फ्रेम पुसते आहे, ती देण्यामागचा हेतू आत्ता माझ्या लक्षात आला.

त्या पोरीला मी म्हटलं, "तू घरी जाऊन सांग."

"मी सांगतलं तं मामी म्हनन, मनानं रचलं. तुमीच सांगा. अर्धी तुमी सांगतली, बाकीची बी तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चक्कीचं शटर ओढलं आणि स्कूटीवर निघाले. नवऱ्याला सांगितलं नाही, तो काय म्हणेल ते माहीत होतं. वाटेत दोन्हीकडे धानाचे पुंजणे उभे होते, कापलेल्या धानाच्या गोल रचून ठेवलेल्या गंजी. काकींचे पुंजणे मोडून झाले होते. मशीन धान चुरून निघून गेलं होतं. खळ्यावर मोठी रास होती आणि काकी एकट्या सूप घेऊन बसल्या होत्या.

"चक्की बंद करून आली?" त्या लांबूनच ओरडल्या. "लाइन गेली का?"

"लाइन आहे. मीच आले."

"का झालं?"

"काकी, गोष्ट अर्धी राहिली होती."

त्यांचं सूप थांबलं. "अर्धी? डबा तं भरला होता."

"डबा भरला होता. गोष्ट नव्हती संपली."

काकींनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "पोरीनं धाडलं?"

"तिनं विचारलं. मी माझ्या मनानं आले."

"बस," त्या म्हणाल्या. आवाजात बस म्हणण्यासारखं काही नव्हतं.

मी बसले आणि सांगितलं. या वेळी काहीच गाळलं नाही. रूथ ज्याच्या शेतात सिला वेचायला गेली तो बवाज, नामीच्या नवऱ्याच्या नात्यातला. त्यानं मजुरांना सांगितलं, हिला हटकू नका, मुद्दाम थोडी कणसं हिच्यासाठी टाकत जा. संध्याकाळी रूथ पदरभर जव घेऊन आली तेव्हा नामीनं विचारलं, कोणाच्या शेतात गेली होतीस? तिथून नामीच्या डोक्यात चक्र सुरू झालं. कापणी संपली. एक दिवस नामी सुनेला म्हणाली, तुझं घर बसवायला नको का मी? आणि मग ते सगळं, आंघोळ, अत्तर, खळं.

"रातीले?" काकी म्हणाल्या.

"रातीले."

"सासूनं धाडलं? स्वताच्या तोंडानं?"

"स्वतःच्या तोंडानं."

"अना हे तुमच्या देवाच्या पुस्तकात लिवलं आहे?"

"छापलेलं आहे. दाखवते हवं तर."

काकींना हसू आलं. ते त्यांनी सुपामागे लपवलं, पण मला दिसलं. "लय बिलंदर म्हातारी," त्या म्हणाल्या. "मंग? त्यानं हाकललं?"

"नाही. म्हणाला, तुझ्यावर माझ्याहून जवळचा हक्क असलेला एक नातेवाईक आहे, आधी त्याला विचारतो. सकाळी चार लोकांसमोर विचारलं. तो नको म्हणाला. मग यानं लग्न केलं."

"जसा आपल्याकडं दिराचा हक्क अगोदर."

"तसाच."

काकींनी सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली. फोल उडत होतं, धान खाली पडत होतं.  मी उठायच्या बेतात होते तेव्हा त्यांनी विचारलं.

"मंग म्हातारीचं का झालं?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. रूथची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली, सांगितली, पण नामी कुठे राहिली हे मी कधी विचारलं नव्हतं.

"रूथला मुलगा झाला," मी म्हटलं. "तो नामीच्या मांडीवर दिला. शेजारच्या बायका म्हणाल्या, नामीलाच मुलगा झाला."

"ते ठीक. ते झालं बारशाचं. पन ती राहाली कोठं? पोरीच्या घरी का आपल्या घरी? जेवाले कोन वाढे?"

खोटं सांगता आलं असतं. रूथच्या घरी राहिली म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण एकदा कमी सांगून झालं होतं, आता जास्त सांगायची इच्छा नव्हती.

"लिहिलेलं नाही, काकी."

"नाई?"

"नाही."

"लिवनारा गडी असन," काकी म्हणाल्या. "बाईनं लिवलं असतं तं पयले तेच लिवलं असतं."

 नामी कुठे राहिली हे मी नंतर आमच्या पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि विषय बदलला.

"पयले अर्धी सांगतली, ती मले पाहिजे तशी होती," काकी पुढे म्हणाल्या. "आता बाकीची घेऊन आली, ती पोरीले पाहिजे तशी. तू कोनाकडून आहे वो बाई?"

"कोणाकडूनच नाही. पण काकी, ती नाही गेली, तरी ते चित्र तुमच्या दोघींच्या मध्येच राहील. ती चित्राकडे न बघता जेवेल आणि तुम्ही तिच्याकडे न बघता. हे किती वर्षं चालवणार?"

हे बोलायला नको होतं कदाचित. तोंड ताब्यात ठेवायची दुसरी विनंती देव ऐकत नाही म्हणते ती ही अशी.  काकींनी दुसरं सूप माझ्यापुढे टाकलं.

"बसलीच आहे तं पाखड."

अंधार पडायच्या आत रास अर्ध्याहून जास्त पाखडून झाली. 

त्या माणसाकडचे लोक उत्तर घ्यायला आले तेव्हा मी तिथे नव्हते. काय झालं ते पोरीनं चक्कीवर येऊन सांगितलं, हसता हसता बोलणं पुरं होईना. काकींनी पाहुण्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "एक म्हातारी होती, तिनं सुनेले खळ्यावर धाडलं होतं. मी नाई धाडत. त्या मानसालेच माझ्या खळ्यावर पाठवा. दिवसाढवळ्या. पोते भराचे आहेत." पाहुण्यांना काही समजलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

मला निरोप आला: तू बी ये, तुझ्यापासून सुरू झालं.

तो माणूस सकाळीच मोटरसायकलवर आला. उंच, गप्प, हाताच्या बोटांना जाळ्याच्या दोरीचे वळ. पिशवीत पानात गुंडाळलेली मासोळी होती.

"मासोळी देऊन फितवतो का मले?" काकी म्हणाल्या.

"नाई मामी. नवेगाव बांधाकडून रिकाम्या हातानं आलो तं लोक हासतात," तो म्हणाला.

काकींनी त्याला कामाला लावलं. पोती धरून ठेवायची, भरायची, दाभणानं तोंड शिवायचं, ट्रॅक्टरवर चढवायची. स्वतः त्या राशीजवळ बसून होत्या, एखाद्या तपासनिसासारख्या. शिवण सैल झाली की म्हणायच्या, "उसव." तो उसवायचा, पुन्हा शिवायचा, चेहऱ्यावर काही नाही. सून घरात होती. काकींनी तिला बाहेर येऊ दिलं नाही, पण खिडकीचं दार उघडं होतं आणि ते बंद करायला काकी विसरल्या होत्या. किंवा विसरल्या नव्हत्या.

दुपारी पोती संपली. त्यानं झाडू घेतला आणि खळं झाडायला सुरुवात केली. मधलं सांडलेलं धान गोळा केलं, सुपात घेतलं, पोत्यात टाकलं. कडेला आला आणि थांबला. कडेचं धान तसंच सोडून झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"ते कायले सोडलं?" काकींनी विचारलं.

तो जरा गोंधळला. "सिला वेचनाऱ्या बाया येतीन ना मामी. आमच्याकडं कड झाडत नाई."

काकींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगतलं याले?"

"मी याला आज पहिल्यांदा बघते आहे," मी म्हटलं.

"देवाशपथ?"

"कोणाच्या देवाची घेऊ?"

काकी हसल्या, या वेळी सूप मध्ये नव्हतं. मग त्याला म्हणाल्या, "हात धू. जेवाले बस." आणि घराकडे तोंड करून ओरडल्या, "वो पोरी, मासोळी साफ कर, पाहुना जेवून जाते."

जेवताना त्यांनी अटी सांगितल्या. मी पण पंगतीला होते, म्हणून स्वतःच्या कानांनी ऐकल्या. या घराच्या बांध्या यापुढे तो करणार, बटईनं, आणि अर्धं धान या घरात येणार. रोवणीला दोघांनी यायचं, एकट्यानं नाही. पोळ्याला, दिवाळीला पोरगी माहेरी येणार. "अना माहेर म्हंजे हे," त्यांनी जमिनीवर हात थोपटला. "भावाचं नाई. हे."

तो प्रत्येक अटीला "हो मामी" म्हणत होता. सून भिंतीकडे तोंड करून ताटं वाढत होती. काकींनी भिंतीवरच्या चित्राकडे एकदाही बघितलं नाही.

पाट काकींच्या अंगणातच झाला. मांडव नव्हता, पण काकींनी शेजारणींना बोलावलं होतं, आणि पुऱ्या तळायला मला. पोरगी निघताना रडली, काकी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "स्कूटी घेऊन जाय. मले चालवता येत नाई, इथं ठेवून का करू?" चित्र त्यांनी भिंतीवरून काढलं होतं. जिथं ते होतं तिथं खळीचा डाग राहिला होता, त्यावर त्यांनी दुसरं काही लावलं नाही.

त्या वर्षी रविवारच्या शाळेत मी मुलांना रूथ पुरी सांगितली, खळ्यासकट. मुलांनी विचारलं, कायले? मी म्हटलं, कारण सासूला वाटलं, हिचं पुढचं आयुष्य माझ्या घरातल्या एका कोपऱ्यापेक्षा मोठं आहे. मुलांना ते पटलं. मोठ्यांपैकी दोघींना नाही पटलं, त्यांनी तसं सांगितलं. सांगोत.

आषाढात रोवणी आली. कामानिमित्त त्या बाजूनं जाताना बांधीत ती दोघं दिसली, गुडघाभर चिखलात, तो पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या टाकत होता आणि ती इतर बायांच्या ओळीत वाकून रोवत होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री धरून काकी बसल्या होत्या आणि दोघांनाही ओरडत होत्या. मी हॉर्न दिला. तिघांनीही हात केला, काकींनी छत्रीसकट.

नामी कुठे राहिली ते मला अजून माहीत नाही. पण आता ती गोष्ट सांगताना मी तिला धुऱ्यावर बसवते. कोणी विचारलं तर सांगते, हे लिहिलेलं नाही, हे माझं.

काकी आता चालत येतात. डबा तोच, पण अर्धाच भरलेला. एकट्या माणसाला किती पीठ लागतं! परवा त्या आल्या तेव्हा कॅलेंडरवर फाटक्या कपड्यांतल्या मुलाला मिठी मारणारा एक म्हातारा होता. त्या चष्मा पुसून जवळ गेल्या.

"हा कोन?"

"घर सोडून गेलेला मुलगा. परत आला आहे."

"थांब," काकी म्हणाल्या आणि एक हात वर केला. "पयले सांग, गोष्ट किती डब्याची आहे?"

मी विचार केला. मुलगा परत येतो तिथवर एक डबा. पण त्याला एक मोठा भाऊ आहे, तो बाहेर रागावून उभा आहे, आणि बहुतेक जण त्याच्यापर्यंत जातच नाहीत.

"दोन डब्यांची," मी म्हटलं.

"माझं तं अर्धा डबा दळन आहे."

"मग?"

"मंग का? दळ. पीठ झालं तरी बसतो."

काकींचं पीठ झालं. मी डब्याला झाकण लावलं आणि मोटर बंद केली. रांगेत आणखी दोघी होत्या. त्याही आपापल्या पोत्यावर बसल्या. ओरडायची गरज नव्हती, म्हणून मी साध्या आवाजात सांगायला सुरुवात केली.